दुपारची पट्टी

"बाई, शॉक तर नाही ना बसणार?"

टेबलावर आडवा झालेला गडी चांगला दाराएवढा होता. मिशा अशा की दोन्ही टोकांना रुमाल वाळत घालावेत. काढलेला शर्ट पोटाशी घट्ट धरून तो माझ्या हातातल्या चिमट्यांकडे बघत होता.

"बसलाच तर मशीनला बसेल," मी म्हटलं. "तुमची छाती बघून."

तो हसला. हसलं की माणसाचे खांदे सैल सुटतात, हाताची थरथर थांबते आणि आलेखाची पट्टी स्वच्छ येते. म्हणून हा विनोद मी पुरुषांसाठी राखून ठेवलाय. बायकांसाठी वेगळा आहे, म्हाताऱ्यांसाठी तिसराच. मनगटांना चिमटे, घोट्यांना चिमटे, छातीवर गार जेलचे ठिपके आणि त्यावर सहा रबरी फुगे. हृदयाचा आलेख काढायचा म्हणजे एवढंच. डोळे मिटूनही करेन.

चौथा फुगा लावताना ते आलं. आधी छातीच्या मधोमध मूठ आवळल्यासारखं, मग डावा हात खांद्यापासून कोपरापर्यंत जड, मग घशाशी आवंढा. मी टेबलाची कड धरली आणि मशीनकडे बघत असल्याचं सोंग केलं.

"बरं नाही का बाई तुम्हाला?" गड्यानं मान उचलून विचारलं.

"हलू नका. पट्टी बिघडते."

त्याची पट्टी सुरेख आली. छातीत दुखतं म्हणून आला होता, निघालं जेवणानंतरचं पित्त. तो शर्टाची बटणं लावत, शीळ घालत निघून गेला, आणि मी त्याच टेबलावर बसून त्याच्यासाठी आणलेलं पाणी प्यायले.

आमचं रुग्णालय लहान आहे. आलेख काढायची खोली एक, मशीन एक आणि दुपारपर्यंतच्या पाळीत बाई एक, ती मी. सगळे मला पट्टीबाई म्हणतात. मोठे डॉक्टरसुद्धा. माझ्या मशीनला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नाही. वॉर्डातल्या सिस्टरनी एकदा घाईत फुगे वरखाली लावले आणि एका भल्या माणसाला उगाच अर्धा दिवस घाबरवून सोडलं. तेव्हापासून मी चावी माझ्या पदराच्या टोकाला बांधते. माझी पाळी संपली की संध्याकाळच्या पाळीची मुलगी येईपर्यंत खोली बंद. लोक म्हणतात, बाईला फार मस्ती. असू दे. पण पट्टीबाईंनी काढली म्हटल्यावर पट्टी कुणी दुसऱ्यांदा काढायला सांगत नाही, हेही खरं.

तर अशा बाईच्या छातीत सात-आठ महिने दुखत होतं, आणि काही सापडत नव्हतं.

काय काय नाही केलं? आलेख तीनदा काढला, तिन्ही वेळा संध्याकाळच्या मुलीकडून. सोनोग्राफीसारखा तो हृदयाचा फोटो झाला. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवलं. रक्त तर इतक्यांदा काढलं की लॅबवाला म्हणाला, "बाई, आता तुमच्यासाठी वेगळी बाटली ठेवतो." डोंगर पोखरला आणि उंदीरही निघाला नाही.

"तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे," मोठे डॉक्टर म्हणाले.

"मग दुखतं ते काय?"

"दुखतंय ते खरंच दुखतंय, त्यात मला शंका नाही. पण हृदयातून येत नाहीये. मनावर काही ताण आहे का?"

"मला कसला ताण? ताण तुम्हाला."

त्यांनी वरच्या मजल्यावरच्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्या वयानं माझ्या लेकीएवढ्या. खोलीत दोन मऊ खुर्च्या आणि मधे कागदी रुमालांचा डबा. डबा बघूनच माझं डोकं फिरलं. म्हणजे रडायला आलेय असं आधीच ठरलेलं! त्यांनी गोड आवाजात विचारलं, हे कधीपासून सुरू झालं? मी म्हटलं, हिवाळा संपताना. तेव्हा घरात काही घडलं का? मी म्हटलं, चांगलंच घडलं, लेकीला दिवस गेल्याचं कळलं. घरात कुणाचा मृत्यू? मी म्हटलं, सासूबाई गेल्या, पण त्यांचं वय झालं होतं. आणखी कुणी? नाही, आणखी कुणी नाही.

खोटं बोलले. लेकीच्या आधी मला मुलगा झाला होता. तो एक रात्र होता आणि सकाळी नव्हता. नावही ठेवलेलं नव्हतं. घरी आल्यावर ह्यांनी पाळणा परत देऊन टाकला आणि आम्ही दोघांनी त्याच्याबद्दल बोलायचं नाही असं काही ठरवलं नाही, पण बोललो नाही. लेकीलाही ठाऊक नाही. आता त्या कोवळ्या पोरीसमोर, त्या डब्यासमोर, ते कशाला काढायचं? मी उठले. पुन्हा गेले नाही.

दिवसभर लोकांची काळजं वाचणारी मी, आणि स्वतःचं म्हटलं तर आपलं ठेवायचं झाकून!

घरी ह्यांचा सूर निराळा. हे गाडी चालवायला शिकवतात. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसतात, पायाखाली जादाचा ब्रेक असतो, आणि समोर काहीही आलं तरी आवाज चढवत नाहीत. घरातही तसेच. रात्री मी उठून बसले की हेही उठून बसायचे.

"पाणी देऊ?"

"नको. मरतेय मी."

"बरं. उशी देऊ का पाठीशी?"

"तुम्हाला खोटं वाटतंय ना?"

"अगं, खोटं कशाला वाटेल? तोंडावर घाम दिसतोय की."

"मग घाबरत का नाही तुम्ही?"

ह्यावर हे माझ्या पाठीशी उशी सरकवायचे. मला चीड यायची. कुणीतरी एकदा घाबरावं, एवढीच माझी इच्छा होती. मावशी, म्हणजे रुग्णालयात झाडलोट करणारी बाई, ती तर तोंडावर म्हणायची, "तुम्हाला काय धाड भरलीय? घोड्यासारख्या तर चालता!" ज्याचं जळतं त्याला कळतं. कागदावर ठणठणीत आणि आत ही मूठ. ठणठणीत माणसाला तक्रारीची सोय नसते.

लेकीची तारीख जवळ येत होती. ती लांब, आगगाडीनं एक रात्र आणि वर अर्धा दिवस. जावई बोटीवर इंजिनात काम करतो. चांगला मुलगा आहे, पण बोट काय मधेच उतरू देत नाही. तिची सासू अंथरुणाला खिळलेली. म्हणजे होते ते आम्ही, आणि आमच्यातली मी.

"आई, नक्की येशील ना?" दर फोनला तिचं एकच.

"नक्की म्हणजे काय? तिकीट काढून ठेवलंय."

"तसं नाही गं. मला भीती वाटते. तू असलीस की नाही वाटणार."

माझी लेक अशी बोलणारी नाही. लहानपणी पडली तरी उठून मलाच सांगायची, लागलं नाही. तिनं भीती हा शब्द काढला आणि मी फोन ठेवल्यावर माझा हात कोपरापर्यंत जड झाला. तिला सोडून मला काही नको होतं. तिच्याजवळ पोचायचं, बाळंतपण होईतो उभं राहायचं, बस्. पुढे काय व्हायचं ते होवो. पण रात्री पडल्या पडल्या दिसायचं ते भलतंच: मी त्या परक्या रुग्णालयाच्या बाकावर बसलेय आणि सकाळ झालीय आणि एक सिस्टर माझ्याकडे चालत येतेय. तिथवर आलं की मी दिवा लावायची.

निघायच्या दिवशी मी अर्धी पाळी केली. बॅग खोलीतच, टेबलाखाली. गाडी दुपार कलल्यावर होती. हे मला न्यायला येऊन स्टेशनवर सोडणार होते आणि दोन दिवसांनी, शिकवणीतल्या मंडळींची परीक्षा झाली की मागून येणार होते. शेवटचा पेशंट गेला. मावशीनं फरशी पुसली आणि म्हणाली, "जा आता, नातवंड घेऊन या." ती गेली आणि ते आलं, आजवर आलं नव्हतं इतक्या जोरात. मूठ आवळली ती सुटेचना. 

मला वाटलं, गाडीत असं झालं तर? मधल्याच कुठल्या स्टेशनावर उतरवतील. लेक वाट बघेल.

मग वाटलं, आत्ता दुखतंय ना? मग आत्ताच काढू. आजवर प्रत्येक वेळी दुखणं ओसरल्यावर पट्टी काढली होती. आता ऐन वेळी सापडेल. मी दाराला आतून कडी घातली, टेबलावर बसले, पोलक्याची बटणं सोडली, छातीवर फुगे लावले. मनगटाला चिमटे, घोट्याला चिमटे. आडवी झाले आणि हात लांबवून बटण दाबलं.

पट्टी सरसर बाहेर आली आणि मी ती तोंडासमोर धरली. पहिल्याच ओळीत सगळी टोकं खाली. जिथे डोंगर असायला हवेत तिथे खड्डे. वर मशीननं स्वतःच्या अकलेनं छापलेलं: आलेख नॉर्मल नाही, डॉक्टरांना दाखवा.

पहिलं काय वाटलं सांगू? बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण खरं ते खरं. छातीतली मूठ चक्क सैल झाली. बघा, मी म्हणत नव्हते? सात-आठ महिने म्हणतेय! आता ह्यांना दाखवीन, मोठ्या डॉक्टरांना दाखवीन, त्या डबेवाल्या पोरीला दाखवीन. हातात कागद आहे. आणि त्या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, आणखी एक गोष्ट होती: आता मला जायला नको.

तातडीच्या विभागात नवे डॉक्टर होते. त्यांनी पट्टी बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कुणी काढली?"

"मीच."

"तुम्ही काढली म्हणजे प्रश्नच नाही. झोपा, झोपा आधी. चालत कशाला आलात?"

दंडाला सुई, नाकाला नळी, जिभेखाली गोळी. पुन्हा एकदा पट्टी काढू म्हणाले, पण खोलीची चावी माझ्याकडे आणि सिस्टरना माझ्या मशीनची सवय नाही. कुणाला सवय होऊच दिली नव्हती मी. मग ठरलं, संध्याकाळची मुलगी येईल तेव्हा काढेल, तोवर रक्ताचा रिपोर्ट येईल. हे आले ते माझी बॅग उचलायला, आणि मी पलंगावर. हे दारातच थांबले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ह्यांचा चेहरा घाबरलेला दिसला, आणि मला वाटलं होतं तसं काही समाधान झालं नाही.

लेकीला फोन ह्यांनीच केला. मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता.  ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तिच्याजवळच थांबा. माझं मी बघते. अजून दहा दिवस आहेत, काही होत नाही." मग म्हणाली, "तिला सांगा, मला भीती नाही वाटत."

खिडकीतून उन्हं उतरली. गाडी केव्हाच गेली होती.

संध्याकाळची मुलगी आली, माझ्याकडून चावी घेऊन मशीन ढकलत आणलं आणि माझी पट्टी काढली. काढताना तिच्या कपाळाला आठी पडली. ती पट्टी घेऊन गेली. थोड्या वेळानं मोठे डॉक्टर आले. त्यांच्या हातात दोन्ही पट्ट्या होत्या. दोन्ही त्यांनी माझ्या पांघरुणावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"रक्त स्वच्छ आहे," ते म्हणाले. "बाई, दुपारची पट्टी जरा बघा बरं. स्वतःची नव्हे, कुणा पेशंटची आहे असं समजून बघा."

मी बघितली. हात उलटे लागले होते. उजव्या हाताचा चिमटा डाव्याला, डाव्याचा उजव्याला. बस्, एवढंच. पेशंट माझ्यासमोर असतो. त्याचा उजवा हात माझ्या डावीकडे. इतकी वर्षं उजव्या हाताचा लाल चिमटा माझ्या डाव्या बाजूला जात आलाय. त्या दुपारी स्वतःला लावतानाही तो सवयीनं डावीकडेच गेला. दुसऱ्या कुणाची ही पट्टी असती तर मी दारातून ओळखली असती आणि लावणाऱ्याला चार शब्द सुनावले असते.

"म्हणजे ही ठीक आहे?" ह्यांनी विचारलं.

"अगदी ठीक. होतं असं. घाबरलेल्या माणसाकडून होतं." डॉक्टर भले माणूस, हसले नाहीत. "आज रात्र इथेच झोपा, सकाळी घरी जा." नवे डॉक्टर त्यांच्या मागे उभे होते, त्यांची नजर खाली. त्यांची काय चूक? त्यांनी पट्टीबाईंवर विश्वास ठेवला होता.

सगळे गेले. हे स्टुलावर बसून माझ्या चपला एकमेकींना जुळवून ठेवत होते. पुन्हा पुन्हा. शेवटी म्हणाले,

"तुला जायचं नव्हतं का?"

ह्यांनी रागानं विचारलं असतं तर मी भांडले असते. पण आवाज तसाच, शिकाऊ माणसाला विचारावा तसा: इंडिकेटर दिला का?

"जायचं होतं हो," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. "जायचंच होतं. पण भीती वाटत होती."

"कसली?"

"त्याची. त्या सकाळची."

कोण तो, कुठली सकाळ, हे ह्यांनी विचारलं नाही. चपला खाली ठेवल्या. 

"त्याचे कान तुझ्यासारखे होते," हे म्हणाले.

मला ते माहीत नव्हतं. मी त्याला नीट बघितलंच नव्हतं. मी गुंगीत होते. ह्यांनी बघितलं होतं आणि तीस वर्षं मला सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. आम्ही दोघं त्या खाटेवर हात धरून बसलो, म्हाताऱ्या माणसांनी बसावं तसे. दुखायचं थांबलं नाही. थोडं कमी झालं असेल.

फोन सकाळी वाजला, मी घरी जायला कपडे बदलत असताना. लेकीच्या शेजारणीचा. "अभिनंदन! मुलगी झाली. दोघी छान आहेत."

"कधी?" हे म्हणाले. "अहो, दहा दिवस होते ना अजून?"

"रात्रीच कळा सुरू झाल्या. मी घेऊन गेले. तुम्हाला कळवते म्हटलं तर म्हणाली, नको, आई ॲडमिट आहे, तिला त्रास होईल. एकटीनं केलं हो सगळं. ओरडलीसुद्धा नाही."

ह्यांनी फोन माझ्याकडे दिला, पण शेजारीण ठेवून मोकळी झाली होती.

आम्ही दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं निघालो, दोघंही. गाडीत दोनदा आलं. दोन्ही वेळा मी ह्यांना सांगितलं, "आलंय." हे म्हणाले, "येऊ दे, मी आहे." मी खिडकीच्या गजाला धरून बसले, आणि आलं तसं गेलं. मेले नाही. वरच्या मजल्यावरच्या त्या पोरीकडे परत जायचं मी ठरवलं होतं. ते मी ह्यांना सांगितलं आणि हे म्हणाले, मीपण येऊ का? पण ते पुढचं. त्या वेळी मला एकच दिसत होतं, कधी एकदा ते दार येतंय.

दार लेकीनंच उघडलं. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, आणि अंगावर एक शांतपणा, जो मी तिच्या अंगावर आधी बघितला नव्हता. मला वाटलं, रागावेल. बोलेल. गळ्यात पडून रडेल तरी. मी सगळ्याची तयारी करून आले होते, माफी कशी मागायची तेही गाडीत जुळवलं होतं.

"आलात? ये आई, हळू ये. उंबऱ्याला सांभाळ." तिनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "बाबा, तिला जिना का चढू दिलात? रिक्षावाल्याला सांगून खुर्ची मागवायची ना."

"अगं, मला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "चिमटे उलटे लागले होते. बाबांनी सांगितलं ना तुला?"

"हो, सांगितलं. तरी जपायला हवं."

आतल्या खोलीत औषधं, कपडे, बाळाचं दूध पुसायची फडकी, सगळं जिथल्या तिथे होतं. दोन दिवसांत पोरीनं घर लावून घेतलं होतं. मला करायला काही शिल्लक नव्हतं. बाळ पलंगावर झोपलेलं, मुठी आवळून. मी पदर खोचला, हात धुतले आणि त्याला उचलायला वाकले.

"थांब, थांब!" लेक घाईनं पुढे आली. "उभ्यानं नको. चक्कर आली तर? आधी बस बघू तू."

मी बसले. तिनं माझ्या पाठीशी एक उशी दिली, कोपराखाली दुसरी.  मग तिनं बाळाला उचललं, मानेला आधार देत, मी तिला कधी न शिकवलेल्या सफाईनं, आणि हलकेच माझ्या मांडीवर ठेवलं. केवढंसं वजन ते. ऊब साडीतून पोटापर्यंत आली.

"धरलंय मी," मी म्हटलं. "सोड आता."

"हो," ती म्हणाली, आणि माझ्या शेजारी टेकली. बाळाच्या पाठीखालचा तिचा हात मात्र तिनं तसाच राहू दिला.